इंजिनातली टकटक : आधी कान लावा, मग पाना

घरात चारचाकी आली की तिचा आवाज लवकरच घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होतो. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की आत स्वयंपाकघरात कळते, ‘आले वाटते.’ म्हणूनच एखाद्या सकाळी त्या ओळखीच्या आवाजात नवी टकटक मिसळली, तर कित्येकदा ती चालवणाऱ्याच्या आधी घरच्यांच्या ध्यानात येते. मग चर्चा सुरू होते. कोणी म्हणते टॅपेट वाजतात, कोणी म्हणते ऑइल कमी झाले, आणि हल्ली बहुतेकांच्या तोंडी एकच निदान असते, ‘इंजेक्टर गेले.’

दोनच शब्द, पण खिशाला जड. डिझेल गाडीचा एक इंजेक्टर बदलायचा म्हटला तरी खर्च हजारांत जातो. चारही बदलायचे तर मुलांच्या वर्षाच्या फीचा हिशोब आठवतो. उलट ‘असू दे, चालतेय ना’ म्हणून दुर्लक्ष केले आणि ती टकटक खरोखरच बिघाडाची निघाली, तर पिस्टन जळण्यापासून पेट्रोल गळून आग लागण्यापर्यंत मजल जाऊ शकते. म्हणून आवाज ओळखणे महत्त्वाचे. इंजेक्टरचा आवाज हा पुष्कळदा आजार नसून त्याच्या कामाचा आवाज असतो. बंद करायचे असते ते आवाजामागचे कारण, नुसता आवाज नव्हे. एवढे समजले की निम्मे काम झाले.

इंजेक्टर करतो तरी काय?

जुन्या गाड्यांत कार्बोरेटर असे. हवा आत ओढली जाताना तिच्याबरोबर पेट्रोल ओढले जाई, त्यात टकटक करणारे काही नव्हते. आपल्याकडे २००० सालच्या सुमारास धुराचे नियम कडक होऊ लागले आणि मारुती ८०० सारखी घराघरांतली गाडीही इंजेक्शनवर आली. ‘एमपीएफआय’ ही अक्षरे तेव्हापासून गाड्यांच्या मागच्या काचेवर दिसू लागली. कार्बोरेटरच्या शांततेची सवय झालेल्या कानांना ही नवी टिकटिक खटकली, ती काही जणांना अजूनही खटकते.

इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी एक चिमुकली तोटी. आत तारेचे वेटोळे असते. त्यात वीज आली की त्याचे लोहचुंबक होते, ते आतली सुई वर उचलते आणि पेट्रोलचा बारीक फवारा सुटतो. वीज थांबली की स्प्रिंग सुईला खाली दाबते. सुई बसते तेव्हा ‘टिक’ वाजते. हाच तो आवाज. इंजिन नुसते उभ्या जागी चालू असताना सुई जेमतेम दोन-तीन हजारांश सेकंद उघडी असते.

आता साधा हिशोब करू. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदा इंधन लागते, म्हणजे एक इंजेक्टर मिनिटाला ४०० वेळा टिकटिकतो. चार सिलिंडरचे मिळून झाले १६००, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७. शेजारच्या खोलीत कोणी शिलाई मशीन चालवावे तसा हा आवाज असतो. लय एकसारखी, बारीक, कोरडी. ॲक्सिलरेटर दिला की तो त्याच प्रमाणात जलद होतो. बॉनेट उघडल्यावर असा आवाज येत असेल, गाडी थरथरत नसेल, ॲव्हरेज पूर्वीइतकेच असेल आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा नसेल, तर त्या आवाजापायी एक रुपयाही घालवू नये.

काही गाड्यांत हा आवाज मुळातच मोठा असतो. अलीकडच्या काही टर्बो पेट्रोल गाड्यांत इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडतात. साध्या एमपीएफआय गाडीत इंधनाचा दाब सुमारे ३ बार असतो, या गाड्यांत तो शेकडो बारपर्यंत चढतो. एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब. एवढ्या दाबाला इंजेक्टर वाजतोच, आणि त्याचा पंपही कटकट करतो. सीएनजीच्या गाड्यांतही गॅसचे इंजेक्टर पेट्रोलच्या इंजेक्टरपेक्षा चांगलेच टकटकतात. पेट्रोलवरून गॅसवर गाडी गेली की आवाज बदलतो, तो याच कारणाने. नवी गाडी घेतलेल्याने शेजाऱ्याच्या दुसऱ्या बनावटीच्या गाडीशी तुलना करून मनाला घोर लावून घेऊ नये. तुलना करायचीच तर त्याच मॉडेलच्या, त्याच इंजिनच्या गाडीशी करावी.

इंजेक्टरच्या नावावर खपणारे आवाज

गॅरेजमध्ये ‘इंजेक्टर वाजतो’ म्हणून येणाऱ्या गाडीत दोष दुसरीकडेच असण्याची शक्यता बरीच असते. असे मुख्य चार-पाच आवाज ओळखून ठेवावेत.

पहिला टॅपेटचा. व्हॉल्व्हचे अंतर वाढले किंवा ऑइल कमी पडले की वरच्या झाकणाखालून टपटप ऐकू येते. टॅपेटची लयही इंजेक्टरसारखीच, दोन फेऱ्यांत एकदा. त्यामुळे नुसत्या लयीवरून फसगत होते. फरक आहे तो जागेचा आणि वजनाचा. टॅपेटचा आवाज जरा भरीव असतो आणि इंजिनच्या अगदी माथ्यावरून येतो. इंजेक्टरचा आवाज बारीक असतो आणि बाजूच्या इंधनाच्या नळीपाशी मिळतो.

दुसरा सायलेन्सरकडच्या गळतीचा. इंजिनला जिथे धुराचा पाइप जोडलेला असतो तिथले गॅस्केट फुटले की सकाळी थंड इंजिनवर ‘टिक-टिक’ किंवा ‘फट-फट’ येते. इंजिन तापून लोखंड फुगले की फट बुजते आणि आवाज कमी होतो. पाच-दहा मिनिटांत नाहीसा होणाऱ्या टकटकीचे कारण पुष्कळदा हे असते. तिसरा ढिल्या स्पार्क प्लगचा. प्लगच्या आट्यांतून दाब निसटतो आणि वेग वाढवताना फुसफुस मिसळलेली टकटक येते.

चौथा आवाज फार जणांना ठाऊक नसतो. पेट्रोलच्या टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा एक छोटा विजेचा व्हॉल्व्ह असतो. तो मधूनमधून टिकटिकतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. इंजेक्टर असा कधी थांबत नाही. थांबून थांबून येणारी टिकटिक ऐकली की या व्हॉल्व्हवर बोट ठेवून बघावे, बोटालाच कंप जाणवतो.

पाचवा घाटातला. चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट वरच्या गिअरमध्ये चढताना पेट्रोल गाडीतून खडे खुळखुळल्यासारखा आवाज येतो. ते नॉकिंग, म्हणजे इंधन वेळेआधी भडकण्याचा आवाज. त्यावर पहिला उपाय म्हणजे खालचा गिअर. तरी आवाज गेला नाही, तर इंधन, प्लग आणि सेन्सर तपासावेत.

आणि इंजिनच्या पोटातून, दर फेऱ्याला एकदा, घण मारल्यासारखी ‘ठक-ठक’ येत असेल तर ती बेअरिंगची समजावी. त्या गाडीची चावी तिथेच काढावी आणि गाडी ओढून न्यावी.

घरच्या घरी तपासणी

यासाठी फार साधने लागत नाहीत. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर पुरतो. टोक इंजेक्टरच्या अंगाला टेकवावे आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावावी. डॉक्टरांच्या नळीसारखी मेस्त्रींची नळीही मिळते, ती अधिक चांगली. स्क्रू ड्रायव्हर बॅटरीच्या टोकांना किंवा वायरींच्या जोडांना लागू देऊ नये. त्याआधी गाडी मोकळ्या हवेत उभी करावी, हँडब्रेक लावावा, गिअर न्यूट्रलला आणावा. ओढणी, पदर, टाय, सैल बाही, गळ्यातली साखळी यांपैकी काहीही पट्ट्याजवळ जाणार नाही याची काळजी घ्यावी. रेडिएटरचा पंखा पुष्कळ गाड्यांत आपोआप सुरू होतो, हेही विसरू नये. लहान मुलांना या वेळी लांबच ठेवावे.

मग एकेक करून चारही इंजेक्टर ऐकावेत. चौघांचा आवाज सारखा असेल तर काळजी नको. तिघे टिकटिकतात आणि एक मुका असेल, तर त्याला वीज पोचत नाही किंवा आतले वेटोळे तुटले आहे. एकच जण इतरांपेक्षा कर्कश वाजत असेल, तर सुई अडखळते, खालची रबरी बैठक कडक झाली आहे किंवा तो जागेवर नीट बसलेला नाही. एकाचा आवाज दबका, चिकट वाटत असेल तर आत मळ साठला असावा.

दुसरी परीक्षा अधिक मजेची आहे. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत, इंजिन वेगात असताना पाय ॲक्सिलरेटरवरून एकदम काढला की संगणक क्षणभर इंधन पूर्ण तोडतो. एकाने गाडीत बसून इंजिन ३००० फेऱ्यांपर्यंत न्यावे आणि पाय झटकन काढावा. दुसऱ्याने बॉनेटपाशी कान ठेवावा. फेरे उतरताना टिकटिक काही क्षण गायब झाली आणि मग परत आली, तर ती इंजेक्टरची. त्या काळातही चालूच राहिली, तर ती टॅपेटसारख्या कोणत्या तरी यांत्रिक भागाची. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की हेच घडते. डिझेल गाडीची खटखट त्या उतारावर थांबत असेल, तर ती इंधन जळण्याशी निगडित आहे, असे समजायला हरकत नाही.

हातात मल्टिमीटर असेल तर साध्या एमपीएफआय गाडीसाठी आणखी एक तपासणी करता येते. इंजिन बंद करून इंजेक्टरचा वायरीचा जोड काढावा आणि त्याच्या दोन पिनांमध्ये रोध मोजावा. बहुतेक गाड्यांत तो १२ ते १६ ओहमच्या दरम्यान येतो. चौघांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. एखादा फारच वेगळा आला, तर दोषी सापडला. मात्र थेट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत आणि नव्या डिझेल गाडीत इंजेक्टरला बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त दाबाची वीज जाते. तिथे चालू इंजिनवर जोडांना हात लावायचा नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट बघावी. उबेसाठी उंदीर इंजिनात शिरतात आणि इंजेक्टरच्या वायरी कुरतडतात. बॉनेटच्या आतली आवाज शोषणारी गादीही ते फाडून नेतात. ‘गाडी एकाएकी मोठ्याने वाजू लागली’ या तक्रारीमागे कधीकधी एवढेच कारण असते.

मेस्त्रींना नेमके काय सांगावे?

आपल्या सीमाभागात गॅरेजमध्ये मराठी, कानडी आणि दख्खनी हिंदी अशा तिन्ही भाषा चालतात. भाषा कोणतीही असो, निदान चुकते ते अर्धवट माहितीमुळे. ‘आवाज येतोय, बघा’ एवढेच सांगून चावी टेबलावर ठेवली की मेस्त्रींनाही अंदाजाने चालावे लागते. आवाज कधी येतो, कुठून येतो, कसा येतो आणि त्याबरोबर आणखी काय होते, या चार गोष्टी सांगाव्यात.

मराठीत आवाजांना शब्दांची ददात नाही. टकटक, खटखट, फुसफुस, घरघर, किरकिर, खडखड यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या दुखण्याकडे बोट दाखवतो. मेस्त्री कानडी बोलणारे असतील तर आपल्या भागातल्या साध्या बोलीत, ‘मुंजाने चालू माडिदाग टक टक सप्पळ बरतैती, बिसि आदम्याले कडिमि आगतैती,’ एवढे म्हटले तरी त्यांचे अर्धे काम होते. सकाळी येतो आणि तापल्यावर कमी होतो, हे कळताच जाणता मेस्त्री इंजेक्टरकडे जाण्याआधी धुराच्या पाइपाचे गॅस्केट बघेल. ‘घाट एरुवाग जास्ती आगतैती,’ असे सांगितले तर त्याचा विचार वेगळ्या दिशेने जाईल. शक्य झाल्यास मोबाइलवर आवाज टिपून न्यावा, कारण गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी तापते आणि मुक्याने बसते.

इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर संगणक जोडून सांकेतिक आकडा आधी वाचून घ्यावा. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरपैकी त्या त्या सिलिंडरमध्ये जळण नीट होत नाही. पी ०२०१ ते पी ०२०४ म्हणजे त्या त्या इंजेक्टरच्या विजेच्या मार्गात दोष. आकडा कागदावर लिहून मागावा. तो पुसून टाकण्याआधी लिहून घेतला, तर पुढच्या वेळी उपयोगी पडतो. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी पुढे नेऊ नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो लालबुंद तापतो, आणि त्याची किंमत इंजेक्टरपेक्षा जास्त असते.

पेट्रोल गाडी : सोप्याकडून अवघडाकडे

आवाज शांत करण्याचे उपाय स्वस्तापासून सुरू करावेत. सर्व्हिसिंगनंतर आवाज वाढला असेल, तर इंजिनवरचे प्लास्टिकचे झाकण जागेवर आहे का, ते आधी बघावे. आतून फोम लावलेले हे झाकण काही वेळा परत बसवलेच जात नाही किंवा त्याचा एखादा रबरी खुंट हरवतो. मग इंधनाची नळी बघावी. तिची रबरी पकड निघाली आणि नळी गाडीच्या पत्र्याला टेकली, तर इंजेक्टरची बारीक टिकटिक सतारीच्या भोपळ्यातून यावी तशी पत्र्यातून गाडीभर घुमते. एका क्लिपने हा आवाज जातो. चारही इंजेक्टर ज्या नळीला जोडलेले असतात तिचे बोल्ट ढिले नाहीत ना, तेही तपासावे.

यानंतर रबरे. प्रत्येक इंजेक्टरच्या वर आणि खाली रबरी कडी असते, काहींना खाली जाड रबरी गादीही असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ही रबरे दगडासारखी होतात. मग धक्का शोषला जात नाही आणि टिकटिक थेट इंजिनात उतरते. शिवाय तिथून पेट्रोलही पाझरू शकते. बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी सुरू करू नये. रबरे स्वस्त असतात, पण काम जाणत्याकडूनच करून घ्यावे. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचे, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची वायर काढायची. नवे रबर बसवताना त्याला स्वच्छ ऑइलचा थेंब लावायचा, नाहीतर ते चिरते.

तरीही एखादा इंजेक्टर वेगळा वाजत असेल, तर त्याची शेजारच्याशी अदलाबदल करून बघावी. आवाज त्याच्याबरोबर नव्या जागी गेला तर इंजेक्टर दोषी. जुन्याच जागी राहिला तर बैठक किंवा वायर दोषी. ही अदलाबदल केल्याशिवाय नवा भाग विकत घेण्यात अर्थ नाही.

मळ साठला असेल तर टाकीत घालायचे क्लीनर एकदा वापरून बघायला हरकत नाही. चांगल्या दर्जाचे, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच. दोन टाक्या होऊनही फरक पडला नाही, तर तिसरी बाटली आणू नये. त्यापेक्षा इंजेक्टर काढून यंत्रावर स्वच्छ करून घ्यावेत. ध्वनिलहरींच्या टाकीत ते धुतात, मग काचेच्या उभ्या नळ्यांवर लावून फवारा दाखवतात. फवारा धुक्यासारखा, सगळीकडे सारखा हवा, पिचकारीसारखी धार नको. आणि ठरावीक वेळात चारही नळ्यांत इंधनाची पातळी जवळजवळ सारखी यायला हवी. धुण्याआधीचे आणि नंतरचे माप समोर उभे राहून बघावे. ते दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे काम देऊ नये.

डिझेलची रीत निराळी

डिझेल इंजेक्शनचा आणि कर्नाटकाचा संबंध जुना आहे. बेंगळुरूत १९५१ साली सुरू झालेल्या ‘मायको’ कंपनीचे नाव आपल्याकडच्या मेस्त्रींच्या बोलीतच रुळले. २००८ साली ती कंपनी बॉश या नावाने ओळखली जाऊ लागली, तरी जुन्या लोकांच्या तोंडी अजून मायकोच येते. त्या काळच्या जीपगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक यांत एक युक्ती सर्रास चाले. चालू इंजिनवर एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट थोडा ढिला करायचा. ज्याने खटखट थांबेल तो सिलिंडर दोषी.

ही युक्ती आजच्या कॉमन रेल डिझेल गाडीवर कधीही करू नये. १९९७ साली युरोपात मोटारींत आलेली ही पद्धत पुढच्या काही वर्षांत आपल्याकडे सर्वत्र पसरली. यात एका जाड नळीत इंधन १६०० बारपर्यंत आणि काही गाड्यांत त्याहून जास्त दाबाने भरून ठेवलेले असते. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून मांसात शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, पण आत डिझेल पसरलेले असते आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे झालेच तर ‘साधे टोचले आहे’ म्हणून थांबू नये, थेट मोठे रुग्णालय गाठावे. गळती शोधताना हात फिरवू नये.

कॉमन रेल गाडी जुन्या डिझेलपेक्षा शांत का, याचे उत्तर इंजेक्टरच्या हुशारीत आहे. मुख्य इंधन सोडण्याआधी तो चिमूटभर इंधन आधी सोडतो. त्याने आतली आग हळुवार पेटते आणि मुख्य जळण धाडकन होत नाही. इंजेक्टर झिजला की ही चिमूट नीट पडत नाही आणि जुन्या ट्रकसारखी खटखट सुरू होते. थंडीच्या दिवसांत सकाळी पहिली काही मिनिटे थोडी खटखट येणारच. इंजिन तापल्यावरही ती राहत असेल, तर तपासणी हवी.

तपासणीची खरी रीत म्हणजे परतीच्या डिझेलचे माप. प्रत्येक इंजेक्टर थोडे डिझेल टाकीकडे परत पाठवतो. चारही परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून बघतात. एखादी बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरली, तर तो इंजेक्टर आतून झिजलेला. हे माप न घेता ‘चारही बदला’ असे कोणी सांगितले, तर दुसऱ्याचे मत घ्यावे.

स्वस्तातले दुखणे आणखी एक आहे, तांब्याच्या वॉशरचे. इंजेक्टरच्या बुडाशी असलेला हा वॉशर गळू लागला की आगगाडीसारखे ‘छुक-छुक’ ऐकू येते आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. वेळीच वॉशर बदलला तर काम थोडक्यात होते. तसेच चालवत राहिले तर इंजेक्टर जागेवर इतका चिकटतो की काढताना हेडच उतरवावे लागते. इंजेक्टर जेव्हा जेव्हा निघेल तेव्हा वॉशर नवाच टाकावा, जुना घासून बसवू देऊ नये.

इंजेक्टर बदलल्यानंतर खटखट वाढली, अशी तक्रारही ऐकू येते. पुष्कळ गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर अक्षरे आणि आकडे कोरलेले असतात. तो त्याचा स्वभाव, कारखान्यात मोजलेला. तो संकेत गाडीच्या संगणकात भरला नाही, तर संगणक जुन्याच इंजेक्टरच्या मापाने इंधन सोडत राहतो. बिल देण्याआधी ‘संकेत भरला का?’ हे विचारणे गाडीमालकाच्या हिताचे आहे.

आणि एकाच सिलिंडरची जबर खटखट, सोबत दाट पांढरा किंवा काळा धूर, असे दिसले तर इंजेक्टर उघडाच अडकला असण्याची शक्यता असते. पिस्टनला भोक पडण्याआधी इंजिन बंद करावे. ‘गावात पोचू आणि बघू’ हा विचार इथे महागात पडतो.

इंधन सांभाळले तर इंजेक्टर सांभाळतो

इंजेक्टरचे दोन वैरी, पाणी आणि कचरा. डिझेल फिल्टरच्या तळाशी साठलेले पाणी पुस्तकात सांगितलेल्या वेळी काढून टाकावे आणि फिल्टर किलोमीटर झाले की बदलावाच. स्वस्त पडते म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे जुन्या इंजिनने कदाचित सोसले असेल. कॉमन रेलच्या पंपाला आणि सुईला डिझेलच वंगण पुरवते, रॉकेलने ते वंगण जाते.

पेट्रोलचेही बदलले आहे. बेळगाव आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या उसाच्या जोरावर इथले कारखाने इथेनॉल बनवतात, आणि २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले, ते २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर पोचले. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते आणि टाकीतला जुना थर सुटा करते. सुटलेला मळ फिल्टरमध्ये आणि पुढे इंजेक्टरकडे जाऊ शकतो. जुन्या गाड्यांच्या रबरी कड्या आणि नळ्याही या मिश्रणासाठी बनवलेल्या नसतात. म्हणून जुनी गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये, रबरे दरवर्षी बघून घ्यावीत आणि ऐकण्यात टिकटिक वाढली की आधी फिल्टरचा विचार करावा. टाकी अगदी तळाला जाईपर्यंत चालवण्याची सवयही सोडावी. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. पंपावर शंका आली तर फिल्टर पेपरवर पेट्रोलचा थेंब टाकून बघण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. थेंब उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीचा संशय धरावा.

शेवटी एक इशारा. आवाज नकोसा होतो म्हणून इंजेक्टरभोवती कापूस, चिंधी किंवा फोम कोंबण्याचे उद्योग होतात. तापलेल्या इंजिनवर पेट्रोलचा एक थेंब आणि एक चिंधी, एवढे आगीला पुरते. दाट ऑइल ओतून टॅपेटचा आवाज दाबणे हाही तसलाच उपाय. आवाज दबतो, दुखणे वाढत राहते.

गाडी बोलते ते तिच्या भाषेत. दोन भाषा ऐकत वाढलेल्या आपल्या घरांना तिसरी भाषा ऐकणे जड जाऊ नये. सर्व्हिसिंगहून आलेल्या चांगल्या गाडीचा आवाज एकदा शांतपणे ऐकून, मोबाइलवर टिपून ठेवावा. पुढे कधी शंका आली तर दोन्ही आवाज शेजारी ठेवून बघता येतील. फरक घरातल्या एखाद्या तरण्या कानाला नक्की कळेल, आणि मेस्त्रींकडे जाताना आपण अंदाज न नेता नेमकी तक्रार नेऊ.